वस्तीतील रानवट मांजरे : त्यांचे समूहजीवन आणि व्यवस्था
(धाराशिव जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी आडतबाजार, बसस्थानक, मटणाचा बाजार, खानावळींची मागील बाजू किंवा जुन्या पेठेतील पडके वाडे अशा ठिकाणी कोणाच्याही मालकीची नसलेली मांजरे लहानमोठ्या समूहाने राहताना दिसतात. दिवसा ती फारशी नजरेस पडत नाहीत. संध्याकाळी दुकाने बंद होऊ लागली, की पोत्यांच्या थप्पीमागून, गटाराच्या कडेने, पत्र्याच्या छपरांवरून त्यांची ये-जा सुरू होते. शासनाच्या पशुगणनेत कुत्र्यांची नोंद होते, मांजरांची होत नाही. त्यामुळे या प्राण्याविषयी गावोगाव जे काही केले जाते ते आकड्यांवाचून, आणि बहुधा तक्रारीच्या भरात केले जाते. तक्रारी सर्वत्र सारख्याच असतात : बोक्यांची रात्रीची भांडणे व ओरडणे, धान्याच्या पोत्यांना येणारी मूत्राची दुर्गंधी, दुधाच्या पातेल्यात घातलेले तोंड. उपायही सर्वत्र एकच, तो म्हणजे मांजर किंवा तिची पिल्ले पोत्यात घालून शिवेबाहेर सोडून येणे. हा उपाय निष्फळ का ठरतो, हे मांजराच्या समूहजीवनाची रचना ध्यानात घेतल्यावाचून उमगत नाही.

प्रथम संज्ञांविषयी. बोलण्यात ‘रानमांजर’ हा शब्द सैलपणे वापरला जातो आणि त्यातून पुष्कळ घोटाळा होतो. घरात वाढलेले व माणसाच्या हाताला सरावलेले ते पाळीव मांजर. असेच मांजर घराबाहेर पडले अथवा टाकून दिले गेले, तर ते भटके होय. ते माणसाला ओळखते आणि आर्जवाने हाक मारल्यास जवळही येते. या भटक्या मांजरीची पिल्ले माणसाचा स्पर्श न होता वाढली, की ती रानवट होतात. त्यांची जात पाळीव मांजराचीच असते, मात्र वृत्ती वन्य प्राण्याची असते. या तिन्हींहून सर्वस्वी वेगळे असे जे वन्य मार्जारकुळ, त्यात बाऊल आणि वाघाटी ही मांजरे मोडतात. रानवट मांजर ही माणसाच्या वस्तीची निर्मिती आहे. बाऊल आणि वाघाटी यांचा वस्तीशी असा संबंध नाही. हा भेद पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

पाळीव मांजराचे मूळ पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका येथील फेलिस लिबिका या वन्य मांजरात आहे, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने निश्चित केले. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर आढळले आहे. शेतीच्या आरंभीच्या काळात साठवलेल्या धान्याभोवती उंदीर जमले आणि उंदरांमागून मांजर आले. त्याला कोणी बांधून आणले नाही. कोरड्या प्रदेशातील या पूर्वजाचा वारसा मांजराच्या शरीरात आजही टिकून आहे. त्याचे मूत्र अत्यंत सांद्र असते आणि शरीराला लागणाऱ्या पाण्याचा मोठा भाग त्याला भक्ष्याच्या मांसातून मिळतो. बालाघाटाच्या पठारावरील कडक उन्हाळ्यात, पाणवठे आटलेले असतानाही मोंढ्यातील मांजरे तग धरून राहतात, त्याचे एक कारण हे आहे. मूत्राची जी दुर्गंधी व्यापाऱ्यांना त्रास देते, तिचे मूळही काही अंशी या सांद्रतेतच आहे.

मांजर माणसाळणार की रानवट होणार, हे रक्तावरून ठरत नाही. ते वयाच्या पहिल्या काही आठवड्यांत ठरते. जन्मानंतर सुमारे दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या मनावर ठसा उमटण्याचा काळ होय. या अवधीत त्याला रोज माणसाचा हात लागला तर ते जन्मभर माणसाशी सलगीने वागते. न लागला तर माणूस म्हणजे संकट, ही समजूत पक्की होते. पुढे ती बदलणे अत्यंत कष्टाचे असते आणि प्रौढ मांजरात बहुधा अशक्यच. प्रौढ रानवट मांजर पकडून घरात कोंडणे हे दयेचे कृत्य वाटले, तरी त्या प्राण्याच्या दृष्टीने तो तुरुंगच असतो. उलट पाच-सहा आठवड्यांचे पिल्लू त्याच समूहातून उचलले, तर ते महिन्याभरात मांडीवर झोपू लागते.

मांजर एकलकोंडे असते, ही समजूत शिकारीपुरती खरी आहे. ते शिकार एकट्याने करते, कारण उंदीर एकालाच पुरतो. परंतु जेथे अन्न एका ठिकाणी भरपूर मिळते, तेथे मांजरे एकत्र राहतात. अशा समूहाचा गाभा माद्यांचा असतो : आई, तिच्या मुली, बहिणी, मावश्या. त्या अनेकदा एकाच जागी वितात आणि परस्परांच्या पिल्लांना पाजतात. बोके या गाभ्याच्या परिघावर राहतात. त्यांचा वावर माद्यांच्या तुलनेने कितीतरी अधिक क्षेत्रावर असतो आणि एकच बोका दोन-तीन समूहांकडे फेऱ्या घालतो. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत मांजरांची घनता एका चौरस किलोमीटरला एकापासून दोन हजारांहून अधिकपर्यंत आढळली आहे. ही प्रचंड तफावत मुख्यतः अन्नाच्या साठ्यावरून आणि आडोशावरून पडते. मटणाच्या बाजारामागे टाकलेली आतडी, खानावळीचे खरकटे आणि धान्याच्या वखारीतील उंदीर ही त्या समूहाची जमीन होय, असे म्हणावयास हरकत नाही. मांजरे गेली तरी ही जमीन जागच्या जागीच राहते.

मराठवाड्यातील जुन्या गावांची रचनाही मांजराला अनुकूल होती. माळवदाची घरे भिंतीला भिंत लावून उभी असत. एका माळवदावर चढलेले मांजर जमिनीला पाय न लावता आळीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचे. ज्वारीच्या कणग्या आणि कडब्याच्या गंजी यांच्यामुळे उंदरांची कधी वाण पडली नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने तत्कालीन उस्मानाबाद व लातूर जिल्ह्यांतील अनेक गावे जमीनदोस्त केली, आणि लोक नव्या, विरळ मांडणीच्या वसाहतींत राहावयास गेले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचा उद्रेक झाला. भूकंपानंतर ओसाड पडलेली घरे आणि त्यांतील धान्य यांमुळे उंदीर वाढले व त्यातून हा रोग उद्भवला, असा तर्क त्या वेळी अनेक अभ्यासकांनी मांडला होता.

प्लेगाच्या संदर्भात मांजराचा विचार महाराष्ट्राच्या भूमीवर त्याच्याही पुष्कळ आधी झालेला आहे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी अमरावतीकडील खेड्यांत घरोघरची मांजरे मोजविली आणि जेथे मांजरे अधिक तेथे प्लेग कमी, असा निष्कर्ष काढून तो १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला. या कल्पनेचे त्या काळी मोठे कौतुक झाले. तथापि मांजर स्वतःही प्लेगाने आजारी पडते व माणसाला तो देऊ शकते, हे पुढे सिद्ध झाले. शिवाय मांजराची उंदीर मारण्याची शक्तीही लोक समजतात तेवढी नाही. न्यूयॉर्कमधील कचरा-प्रक्रियेच्या एका आवारात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणात, ७९ दिवसांच्या चित्रणात मांजरांनी मोठे उंदीर मारल्याच्या केवळ दोन घटना आढळल्या. मांजर असताना उंदीर उघड्यावर कमी फिरले, पण संपले नाहीत. लहान उंदीर आणि चिचुंद्र्या यांचा मांजर फडशा पाडते. पूर्ण वाढलेल्या घुशीच्या वाटेला ते सहसा जात नाही. म्हणून ‘मोंढ्यात मांजरे हवीतच’ असे म्हणणारा व्यापारी अर्धाच बरोबर असतो. वखारीची जमीन पक्की करणे आणि पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवणे यांनी उंदरांचा जो बंदोबस्त होतो, तो दहा मांजरांनी होत नाही.

मांजराविषयीच्या लोकसमजुतींचा या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. मांजर मारणाऱ्याने काशीस जाऊन सोन्याचे मांजर दान केल्यावाचून ते पाप फिटत नाही, अशी समजूत महाराष्ट्रात खेडोपाडी आहे. मुसलमान कुटुंबांत मांजराला अपवित्र मानीत नाहीत आणि त्याला दुखविणे गैर समजतात. परिणामी या जिल्ह्यात मांजर मारण्यास कोणी सहसा धजत नाही, ही चांगलीच गोष्ट होय. परंतु याच समजुतीमुळे पोत्याची चाल रूढ झाली : मारावयाचे नाही आणि ठेवावयाचेही नाही. मांजरी पिल्लांना सात घरे फिरवते, या दुसऱ्या समजुतीचा आधारही यासाठी घेतला जातो. ती फिरवतेच, मग आपण फिरविली तर बिघडले कोठे, असा तो युक्तिवाद. वस्तुतः मांजरी पिल्ले हलवते ती बोक्यापासून, कुत्र्यापासून आणि जुन्या जागेच्या वासापासून त्यांना वाचविण्यासाठी. त्या प्रत्येक नव्या जागी ती स्वतः बरोबर असते. शिवेबाहेर पोत्यातून मोकळ्या केलेल्या पिल्लांना आई नसते. प्रौढ मांजर तेथे सोडले तर काही वेळा ते परत येते, आणि न आल्यास परक्या बोक्यांच्या व कुत्र्यांच्या हद्दीत अन्नपाण्यावाचून मरते. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार उपासमार व तहान यांना तोंड द्यावे लागेल अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणे हा गुन्हा आहे. परंतु पोते बांधणाऱ्याच्या मनात आपण गुन्हा करीत आहोत अशी शंकाही नसते.

आता मूळ मुद्द्याकडे. मांजरे हलविल्याने किंवा थोडीबहुत मारल्याने समूह नाहीसा का होत नाही? टास्मानियातील जंगलांत रानवट मांजरांची मर्यादित प्रमाणात पकड करून पाहण्यात आली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दोन्ही ठिकाणी मांजरांची संख्या घटण्याऐवजी वाढलेली आढळली : एका जागी ७५ टक्क्यांनी, दुसऱ्या जागी २११ टक्क्यांनी. जागेवर ताबा ठेवणारी प्रौढ मांजरे गेली आणि रिकाम्या हद्दीत आजूबाजूची तरुण मांजरे शिरली. मोंढ्यातून पाच मांजरे उचलून नेली, की दोन-तीन महिन्यांत पेठेतील आणि वस्तीवरील मांजरे तेथे येतात, असा जो अनुभव सांगितला जातो त्यामागे हेच कारण आहे.

दुसरे कारण प्रजननाचे आहे. मांजरी पाच-सहा महिन्यांची होताच वयात येते. तिचे बीज समागमानंतरच सुटते, त्यामुळे गर्भधारणा क्वचितच चुकते. गर्भकाळ सुमारे ६३ ते ६५ दिवसांचा असतो. ‘एका जोडीपासून सात वर्षांत चार लाख मांजरे’ असा हिशेब पुष्कळदा ऐकू येतो. तो कागदावरच खरा आहे, कारण त्यात एकही पिल्लू मरत नाही असे धरलेले असते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनात प्रत्यक्ष केलेल्या निरीक्षणात, एका मांजरीची वर्षाला सरासरी १.४ वेते आणि एका वेतात साधारण तीन पिल्ले, असे प्रमाण आढळले. आणि त्यांपैकी तीन-चतुर्थांश पिल्ले सहा महिन्यांची होण्यापूर्वीच मेली किंवा बेपत्ता झाली. हेच प्रमाण एखाद्या बाजारातील दहा मांजरींना लावून पाहिल्यास वर्षाला सुमारे ४२ पिल्ले जन्मतात व दहा-अकरा जगतात. म्हणजे वर्षभरात तीसहून अधिक पिल्ले वाहनांखाली, कुत्र्यांच्या तोंडी, उपासाने किंवा रोगाने मरतात. बाजारातील मांजरांची संख्या आज मर्यादेत राहते ती या मरणांमुळे. ती पोत्यांच्या थप्पीमागे घडतात म्हणून कोणाच्या हिशेबात धरली जात नाहीत, एवढेच.

या दहांपैकी सात मांजरींवर शस्त्रक्रिया करून त्यांना त्याच जागी पुन्हा सोडले, तर पिल्ले ४२ वरून १२-१३ वर येतात. मरणाचे प्रमाण तेच राहिल्यास तीनच जगतात. गर्दी कमी झाल्यामुळे जगण्याचे प्रमाण दुप्पट झाले असे धरले, तरी सहाच. शस्त्रक्रिया झालेल्या मांजरी आपल्या हद्दीत टिकून राहतात व नव्यांना सहजासहजी शिरू देत नाहीत. पकडणे, निर्बीज करणे आणि परत सोडणे या पद्धतीचे तर्कशास्त्र इतके साधे आहे. परंतु व्यवहारात तिच्या दोन कठोर अटी आहेत आणि त्या न पाळल्याने ती अनेक ठिकाणी फसली आहे. पहिली अट प्रमाणाची. इस्रायलमधील रिशॉन लेझियॉन शहरात बारा वर्षे चाललेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सत्तर टक्क्यांहून अधिक मांजरे निर्बीज झाली आणि हे काम संपूर्ण शहरात सलगपणे झाले, तेव्हाच संख्या वर्षाला सुमारे सात टक्क्यांनी घटू लागली. शहराच्या अर्ध्याच भागात काम झाले तोवर शेजारच्या भागातून मांजरे येत राहिली. दुसरी अट सातत्याची. काम थांबताच संख्या पुन्हा वाढली. फ्लोरिडातील एका विद्यापीठाच्या आवारात १९९१ पासून अकरा वर्षांत १५५ मांजरांपैकी अखेर २३ उरली, हे उदाहरण यशाचे म्हणून नेहमी दिले जाते. पण त्यांतील जवळजवळ निम्मी मांजरे लोकांनी घरी नेली होती, हेही त्याबरोबर सांगावयास हवे.

भारतात २००१ चे प्राणी जनन नियंत्रण नियम नावाप्रमाणे कुत्र्यांपुरते होते. २०२३ साली आलेल्या नव्या नियमांच्या शीर्षकातून कुत्र्यांचा उल्लेख गळला, आणि कोणाच्याही मालकीचा नसलेला, वस्तीत जन्मलेला प्राणी तो ‘सामुदायिक प्राणी’ अशी व्याख्या झाली. मुंबई महानगरपालिकेने मांजरांच्या निर्बीजीकरणाचे काम अलीकडच्या वर्षांत हाती घेतले आहे. धाराशिवसारख्या जिल्ह्याची परिस्थिती मात्र वेगळी आहे. येथील पशुवैद्यकीय दवाखाने गाई-म्हशी आणि प्रसिद्ध उस्मानाबादी शेळी यांच्या उपचारांत गुंतलेले असतात, आणि तेच योग्य आहे; शेळी हे येथील भूमिहीन कुटुंबाचे खरे भांडवल होय. म्हणून सर्व गावभर एकदम काम काढण्यापेक्षा एक बाजार किंवा एक आळी निवडून ती पुरी करणे अधिक शहाणपणाचे. दहा जागी दोन-दोन मांजरी निर्बीज केल्याने वेळ व पैसा जातो आणि संख्येत काहीच फरक पडत नाही.

कामाचा आरंभ पिंजऱ्याने न करता नोंदवहीने करावा. सलग आठ-दहा संध्याकाळी एकाच वेळी मांजरे मोजावीत आणि रंग, खुणा, मादी की बोका, पोटुशी आहे काय, हे लिहून ठेवावे. बाजारातील हमाल आणि चहावाला यांना ही माहिती बहुधा आधीच असते. त्यानंतर अन्नाकडे वळावे : मटणाच्या बाजारातील टाकाऊ भाग झाकणाच्या डब्यात जावा, खानावळीचे खरकटे रात्री उघड्यावर पडू नये. अन्न एकदम तोडणे मात्र चुकीचे. भुकेली मांजरे घरांत शिरतात. एकाच माणसाने ठरावीक जागी व ठरावीक वेळी, शक्यतो उजेडात, अर्ध्या तासात संपेल एवढे अन्न द्यावे व उरलेले उचलावे. दूध-पोळीवर मांजर पोसण्याची आपली रीत प्रेमाची असली तरी अपुरी आहे. बहुतेक प्रौढ मांजरांना दूध नीट पचत नाही, आणि मांसात मिळणारे टॉरिन नावाचे द्रव्य न मिळाल्यास मांजराची दृष्टी व हृदय दोन्ही बिघडतात. दहीभातावर मांजर संतुष्ट दिसते ते बहुधा इतरत्र उंदीर खाऊन आलेले असते.

ठरावीक वेळी खाण्याची सवय लागली, की पकडणे सोपे जाते. आदल्या रात्री अन्न बंद ठेवून आपोआप दार पडणाऱ्या पिंजऱ्यात थोडी सुकट ठेवावी. मांजर आत जाताच पिंजरा जाड कापडाने झाकावा, म्हणजे ते शांत होते. हाताने किंवा पोत्याने धरू नये. शस्त्रक्रियेच्या वेळीच रेबीज प्रतिबंधक लस द्यावी आणि बेशुद्धीत असतानाच एका कानाचे टोक, बहुधा डाव्या, सरळ छाटावे. ही खूण दुरूनही ओळखू येते आणि तेच मांजर पुन्हा पकडले जात नाही. बोका एका दिवसात आणि मांजरी साधारण दोन-तीन दिवसांत, पूर्ण सावध झाल्यावर, मूळ जागीच सोडावी. दिवस मोठा होऊ लागला, की मांजरी माजावर येतात. थंड देशांत हा हंगाम ठळक असतो. धाराशिवच्या अक्षांशावर वर्षातील सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या दिवसांत दोन-सव्वादोन तासांचाच फरक असल्याने येथे वेते बऱ्याच अंशी वर्षभर पसरतात. तरीही पौष-माघात काम उरकल्यास उन्हाळ्यातील पहिले मोठे वेत टळते.

अशा मांजराचा चावा वा ओरखडा कधीही क्षुल्लक मानू नये. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात लस घेण्यास आरंभ करावा. हळद, चुना किंवा तिखट भरण्यात अमूल्य वेळ जातो.

एक प्रश्न या सर्व पद्धतीच्या बाहेर राहतो आणि तो या जिल्ह्यात विशेष गंभीर आहे. शिवेबाहेर सोडलेली मांजरे जातात कोठे? येडशीच्या परिसरात रामलिंग घाटाचे सुमारे २२ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे. २०२४ च्या डिसेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालून आलेला वाघ येथे आढळला आणि साऱ्या जिल्ह्याचे लक्ष तिकडे वेधले गेले. वाघाच्या कुळातील लहान मांजरांकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. टाकून दिलेले मांजर अशा माळरानावर जगलेच, तर ते जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांवर आणि सरड्यांवर जगते, आणि आपल्याबरोबर वस्तीतील रोगही तेथे नेते. स्कॉटलंडमधील वन्य मांजर पाळीव मांजराशी झालेल्या संकरामुळे नष्ट होण्याच्या टोकाला पोहोचले आहे. पश्चिम भारताच्या कोरड्या प्रदेशातील वाळवंटी मांजर हे पाळीव मांजराच्या पूर्वजाचेच जवळचे आप्त असल्याने तोच धोका त्यालाही आहे.

म्हणून अभयारण्याच्या कडेच्या गावांत निर्बीज करून परत सोडण्याची रीत जशीच्या तशी लागू करता येत नाही. तेथे पिल्ले सात आठवड्यांच्या आत उचलून घरांत द्यावीत. प्रौढ मांजरे निर्बीज करून शेताच्या कडेला न सोडता गावाच्या आतील बंदिस्त वखारीच्या आवारात ठेवावीत. ऊसतोडीच्या दिवसांत याच्या उलट चूक घडते. फडात सापडलेली करड्या-पिवळसर रंगाची पिल्ले मांजराची समजून घरी नेली जातात, आणि ती अनेकदा बाऊलची किंवा वाघाटीची निघतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे दोन्ही प्राणी संरक्षित आहेत. अशी पिल्ले जेथे आढळली तेथेच ठेवून त्या भागातील तोडणी थांबवावी आणि वनखात्याला कळवावे. रात्री फडात सामसूम झाली, की आई बहुधा त्यांना एकेक करून उचलून नेते.